अर्धी सुई माझी, अर्धी हणमंतरावांची

शिलाई मशीनची सुई ही दुकानात जाऊन आणायची वस्तू आहे, तिच्यासाठी अर्ज लिहावा लागत नाही की चार गाड्या बदलाव्या लागत नाहीत, असं माझं वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत मत होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बिदरकडच्या आमच्या राजेश्वर गावात मला नागेश सर म्हणतात, लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव प्रेषकांच्या यादीत घालतात आणि ग्रहण लागलं की चार माणसं मला विचारायला येतात. एवढ्या मानात माणसानं गप्प बसावं. पण त्या दिवशी विहार समितीच्या बैठकीत मी उभा राहिलो.

झालं होतं असं, की मागल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला भाड्यानं आणलेला मांडव इतका आखूड निघाला की पाहुणे, पुरुष आणि माईक सावलीत आणि बायका उन्हात असा कार्यक्रम पार पडला. सत्तरीच्या शोभाबाई वंदना चालू असतानाच चक्कर येऊन पडल्या. त्या बऱ्या झाल्या, पण बायकांनी ते मनाला लावून घेतलं. यंदाच्या निवडीत त्यांनी सेक्रेटरी म्हणून एकमुखानं माझ्या बायकोचं, पंचशीलेचं नाव पुढं केलं. समितीला बाई सेक्रेटरी मिळण्याची ही पहिलीच वेळ. अध्यक्ष पिराजीमामांनी हरकत घेतली नाही. "बघू एक साल," एवढंच म्हणाले. पिराजीमामा 'बघू' म्हणाले की समोरच्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं.

पंचशीलेचा पहिला ठराव होता स्वतःच्या मांडवाचा. सगळी वस्ती एका सावलीत बसेल एवढा. घराघरांतून हातभार लागून जाड कॅनव्हासचे तागे आलेही. प्रश्न शिवण्याचा होता.

"गुलबर्ग्याच्या तंबूवाल्याला दिऊ शिवायला," पिराजीमामा म्हणाले. "घरच्या मशीनचं काम न्हाई ते."

ते अगदी बरोबर बोलत होते. नेमका तेव्हाच मी उभा राहिलो. दहावीचे पेपर तपासायला मी नुकताच गुलबर्ग्याला जाऊन आलो होतो, आणि दुपारच्या सुट्टीत जुन्या लोखंडाच्या बाजारात एक मशीन बघून आलो होतो. काळी, ओतीव, म्हशीएवढी. कुठल्या तरी बंद पडलेल्या तंबूच्या कारखान्यातली. नावाची पितळी पट्टी घासून गुळगुळीत झालेली. विकणारा म्हणाला होता, "सर, चमड़ा सीती, तंबू सीती, तुमे बोले तो लोहा बी सीती." पेपर तपासून डोकं शिणलेल्या माणसाला असं वाक्य फार भिडतं. मी बैठकीत जाहीर केलं, "मशीन मी आणतो. मांडव इथंच शिवू."

टाळ्या पडल्या. ठरावात लिहिलं गेलं: शिलाईची जबाबदारी सेक्रेटरी यांची. खाली पंचशीलेची सही झाली. घरी येताना ती झपझप पुढं चालली होती.

"मशीन चालवायची कुणी?" तिनं शेवटी विचारलं.

"तू. तुझ्यासारखी टीप गावात कुणाची आहे?"

"मला इचारलाव कवा?"

मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

पौर्णिमेला तीन आठवडे उरले असताना मशीन आली. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली आणि बघायला पंचवीस. आमच्या गल्लीत शिलाई मशीन नाही असं घर नाही, त्यामुळे तज्ज्ञ नाही असंही घर नाही. पंचशीलेनं तेल घातलं, चाक फिरवून बघितलं, सुईवरचा आकडा वाचला, चोवीस, आणि कॅनव्हासचा तुकडा दाबाखाली धरला. तेवढ्यात शेजारचे हणमंतराव पुढं आले. हणमंतरावांचा तुरीचा व्यापार आहे. कुठलाही माल स्वतः हातानं चाळल्याशिवाय ते मान्य करत नाहीत.

"कापडावर काय बघायचंय, मास्तर? कापड तर कुनीबी शिवतंय. चमडं शिवतीय म्हणलाव न्हाई का?" असं म्हणून त्यांनी पायातली चप्पल काढली आणि टाच उलटी करून सुईखाली सरकवली. चांगली जाडजूड, तीन पदरी तळाची चप्पल.

पंचशीला म्हणाली, "राहू द्या की, अण्णा." मी म्हणालो, "होऊन जाऊ दे." पंचवीस माणसांसमोर माघार घेणं माझ्या स्वभावात नाही, आणि चाकावर हात माझाच होता. पहिला टाका पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला टक् असा आवाज झाला आणि सुईचे दोन तुकडे झाले. वरचा मशीनमध्ये राहिला, खालचा चपलेच्या टाचेत गडप झाला. पकडीनं ओढला, दाभणानं टोकरला, निघेना.

"असू द्या," हणमंतराव म्हणाले. "आतच हाय, भाईर थोडंच हाय." त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि घरी गेले. माझी अर्धी सुई अशी माझ्यादेखत चालत गेली. मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसरी सुई आणायची, त्यात काय.

राजेश्वरातल्या दुकानात चोवीस नंबर ऐकूनच दुकानदार हसला. बसवकल्याणात एकानं चोवीस नंबरची सुई खरोखर दिली. ती चांभारी मशीनची होती. सुईची वरची दांडी इतकी बारीक की आमच्या मशीनमध्ये ती विहिरीत पोहरा सोडल्यासारखी हलायची. हणमंतरावांनी दांडीला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळायला सांगितलं. गुंडाळला. पहिल्याच टाक्याला सुई कॅनव्हासात उभी राहिली आणि तिला धरणारा मशीनचा दांडा एकटाच वर गेला. हणमंतरावांच्या बायकोनं, कमलबाईंनी, एवढ्या भानगडीपेक्षा गोणपाटासारखं दाभणानं शिवा असं सुचवलं. चारशे फूट शिवण होती. पंचशीलेनं आपल्या बोटांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

मी वरचा तुकडा कागदात गुंडाळून गुलबर्गा गाठलं. स्टेशनच्या अलीकडं शिवय्यांचं मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. भिंतभर छोटे खण, खणाखणावर चिठ्ठ्या, आणि मध्ये कपाळावर विभूती लावलेले, कुणाकडंही मान वर करून न बघणारे शिवय्या. मी ऐटीत म्हणालो, "चोवीस नंबरची सुई द्या."

"नंबर सांगू नका सर," ते म्हणाले. "नंबर मंजे नुसती जाडी. चोवीस नंबरच्या माझ्याकडं अकरा तऱ्हेच्या सुया हायत. दांडी येगळी, लांबी येगळी, टोक येगळं. तुमच्या शाळेत नुसतं बसवराज म्हणून हाक मारली तर किती पोरं उठत्यात? आडनाव लागतंय की न्हाई?"

मागं पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला आणि नमस्कार करून कौतुकानं ऐकत राहिला. मी मुकाट्यानं तुकडा पुढं केला.

"खालचा भाग?"

"तो... एका चपलेत आहे."

शिवय्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "असं. मंजे चमड्याचं काम."

इथं मी 'नाही, मांडवाचं' म्हणायला हवं होतं. पण मग चप्पल का, हे सांगावं लागलं असतं, आणि ते विद्यार्थ्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "होय." शिवय्यांनी दांडी जुळवली, लांबी नजरेनं ठरवली आणि दोन सुया कागदात बांधून दिल्या.

घरी कुणी नव्हतं. त्यातली एक मी स्वतः बसवली, आधीचा तुकडा काढताना बघितलेली पद्धत आठवून, जशीच्या तशी. दांडी चपखल बसली. संध्याकाळी पंचशीलेनं चालवली आणि मशीन रुळावरून गाडी जावी तशी चालली. तीस फुटांची पहिली शिवण एका दमात झाली. फक्त टाक्याटाक्याला आतून 'टिक' असा बारीक आवाज येत होता. तो मी मशीनचा स्वभाव समजलो. जुनी यंत्रं थोडी बोलतात, असं मी जमलेल्या बायकांना समजावूनही सांगितलं. तिसाव्या फुटाला तो टिक एकदम मोठा झाला आणि सुईचा चुरा झाला.

तरी शिवण झाली होती. पंचशीला हसत होती, आणि तिला तसं हसताना मी कित्येक दिवसांनी बघत होतो. बायकांनी घडी घालायला दोन्ही टोकं धरून कापड ताणलं. आणि सबंध शिवण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पोस्टाची तिकिटं फाडावीत तशी सरळ रेषेत फाटत गेली.

पंचशीलेनं फाटलेली कड हातात घेतली. तिला बोट लावत म्हणाली, "ठरावावर सही माझी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावली असती तर चाललं असतं. रागाला उत्तरं असतात.

बातमी पिराजीमामांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले, कापड बघितलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "पंचशीला, अजून बारा दिस हायत. लावू का तंबूवाल्याला फोन?"

"चार दिस द्या, मामा."

"बघू," मामा म्हणाले. "चार दिस."

उरलेली सुई मी भिंगाखाली धरली. तिचं टोक पटाशीसारखं धारदार होतं. चामड्याला भोक पाडायला ते ठीक. कापडात शिरताना ते एकेक धागा कापत गेलं होतं. मी शिवय्यांना फोन लावला आणि सगळं, चपलेसकट, खरं सांगितलं. फोनवर विद्यार्थी दिसत नाही, हा फोनचा मोठा फायदा.

"कापडाला गोल टोक लागतंय सर," ते म्हणाले. "तुमी चमडं म्हणलाव. आन् टिक टिक वाजत होती मंजे लांब झाली. सुई खालच्या बॉबिनच्या हुकावर घासायली. गोल टोकात ही दांडी तीन लांब्यांत येतीय. कुठली, ते जुनी सुईच सांगंल. दोनी तुकडे जुळवून माप सांगा, दांडीचं बी. पट्टीनं नको. केसाएवढा फरक बी चालत न्हाई."

पट्टीनं नको! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारा व्हर्नियर कॅलिपर शिकवतोय. मुख्य माप, व्हर्नियरचं माप, लघुतम माप. अठ्ठावीस वर्षांत कुणीही मला त्यानं काही मोजून मागितलं नव्हतं.

पहिला दिवस शाळेत गेला. सुट्ट्या होत्या, पण मुख्याध्यापक निंगप्पा सर कार्यालयात होते. ते नियमाबाहेर पाणीही पीत नाहीत. म्हणाले, "अर्ज द्या." मी कन्नडमधून अर्ज लिहिला. कारण: सुई मोजणे. त्यांनी विचारलं, "सुई कितवीच्या धड्यात हाय?" मी ते खोडून 'सूक्ष्म मापनाचा सराव' असं लिहिलं. त्यावर ते प्रसन्न झाले आणि साहित्याची वही उघडली. वही वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत कॅलिपर हरवला म्हणून नोंद होती, आणि कॅलिपर समोर कपाटात काचेमागं लख्ख दिसत होता.

"हे न्हाई सर," ते म्हणाले.

"सर, ते बघा की. समोर आहे."

"दिसतंय. पण न्हाई. न्हाई ते दिलं म्हणून लिवायचं कसं?"

आम्ही दोघं त्या नसलेल्या वस्तूकडं बघत बसलो. मग निंगप्पा सरांनी दीर्घ विचार केला, माझा अर्ज चार घड्या घालून मला परत दिला, किल्ली लावून कपाट उघडलं आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. "जे न्हाईच," ते झाडाला उद्देशून म्हणाले, "ते कुनी नेलं तर मला कसं कळावं?" सबंध नोकरीत मी केलेली ही एकमेव चोरी, तीही वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली.

कॅलिपर घेऊन मी थेट हणमंतरावांच्या दारात गेलो. ते नव्हते.

"कमठाण्याला गेल्यात," कमलबाई म्हणाल्या. "टाच धरलीय, सात-आठ दिस झाले. पाऊल टेकवंना. डॉक्टर म्हणला यूरिक ॲसिड वाढलंय, डाळ बंद करा. तुरीचा व्यापारी, आन् घरात डाळ बंद. शेवटी म्हणलं कमठाण्याच्या नागव्वाकडं जावा. पाला बांधतीय, चांगला गुण येतोय."

"कुठल्या पायाची टाच?"

"उजव्या. कामून?"

अंगणात सुईखाली घातलेली ती चप्पल मला आठवली. उजव्या पायाचीच होती.

दुसऱ्या दिवशी हुमनाबाद, तिथून बिदर, तिथून कमठाणा. नागव्वा म्हणजे ताठ कण्याची, तोंडात पान धरलेली म्हातारी. तिच्या ओसरीवर टाचेला पाला बांधून हणमंतराव मोठ्या समाधानात बसले होते. तिचा नियम असा की तीन दिवस पायात चप्पल घालायची नाही.

"मास्तर, काय हात हाय बाईचा," ते मला बघून म्हणाले. "दोन दिसांत टाच मऊ. पन यक गंमत सांगू? मागं मोरीकडं जाताना चप्पल घातली की लगेच कळ. चप्पल काढली की न्हाई. बाई म्हणतीय, चप्पल घातली मंजे घरचा रस्ता धरलाव, म्हणून दुखतंय, घरात काय तरी हाय."

मी चप्पल मागितली.

"चप्पल कामून?"

मी सांगितलं. ते सगळं ऐकून घेताना हणमंतरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तीन टाके, अर्धी सुई, तीन पदरी टाच, आणि चालता चालता रोज थोडी थोडी वर येणारी सुई. मला वाटलं आता पिढ्यान् पिढ्यांचा शेजार संपला. त्यांनी टाचेवरचा पाला चाचपून बघितला.

"मंजे मला डाळ खाता येतीय?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हणालो.

नागव्वानं विळ्यानं चप्पल उभी चिरली. मधल्या पदरात माझी अर्धी सुई, टोक वर करून, शाबूत बसली होती. नागव्वानं ती चिमटीत धरून उजेडात बघितली. "मी पहिल्याच दिशी म्हणलंते, आत काय तरी हाय," ती म्हणाली. गुण तिचाच ठरला, आणि ते रास्तच होतं. हणमंतराव अनवाणी बसमध्ये बसले आणि वाटेत हुमनाबादला उतरून खानावळीत तीन वाट्या डाळ प्यायले.

घरी आल्यावर मी जेवणाच्या पाटावर आलेखाचा कागद पसरला, दोन्ही तुकडे मोडल्या जागी जुळवले आणि कॅलिपर लावला. दांडी मोजली. बुडापासून नेढ्यापर्यंतची लांबी मोजली. पोरांना सांगतो तसं प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली. टोक भिंगाखाली धरलं, गोल होतं. पंचशीला दारात उभी राहून बघत होती. तिनं मला वर्गात कधी बघितलं नव्हतं. फोनवर मी आकडे सांगितले तेव्हा पलीकडून खण उघडल्याचा आवाज आला आणि शिवय्या म्हणाले, "हाय सर. मधल्या लांबीची. तुमचं माप बरोबर हाय." अठ्ठावीस वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

तिसरा दिवस बसथांब्यावर गेला. आमच्याकडं औषध, चष्मा, लग्नाची साडी, काहीही कंडक्टरच्या हाती पाठवतात. शिवय्यांनी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं सुया दिल्या. त्या कंडक्टरची पाळी हुमनाबादला संपली. जुन्या कंडक्टरनं नव्याला दिल्या, नव्यानं ड्रायव्हरला, आणि मी नऊ ते चार प्रत्येक गाडीच्या पायरीवर चढून "सुई आहे का, सुई" असं विचारत होतो. दुपारी एका बाईनं मला बसायला जागा दिली. त्यात आदर नव्हता, काळजी होती. चारच्या गाडीच्या ड्रायव्हरनं आरशामागून आगपेटी काढली. आत पाच सुया, कापसात ठेवलेल्या.

चौथा दिवस. अंगणात सगळ्या बायका, ओसरीवर पिराजीमामा. आणि सुई बसवायची कशी, यावरून चर्चा. दांडी गोल, त्यामुळे ती कुठंही तोंड करून बसायची. पहिल्या वेळी मी कशी बसवली होती ते मला आता आठवेना, आणि मशीनमध्ये उरलेला तुकडाही चुऱ्याबरोबर मीच काढून टाकला होता. कमलबाई म्हणाल्या, "आमच्या मशीनला सुईची लांब खाच उजवीकडं असतीय." दुसरी म्हणाली, आमचीही उजवीकडं. तिसरीचीही. गल्लीत सगळ्यांच्या घरी एकाच बनावटीची घरगुती मशीन, त्यामुळे मतभेद असा नव्हताच. बहुमतानं खाच उजवीकडं ठेवून सुई बसली.

टाका धरेना. एक पडे, चार सुटत. दोरा बदलला, बॉबिन बदललं, ताण वाढवला, कमी केला. हणमंतरावांनी नव्या चपलांतले पाय लांब ठेवून सल्ले दिले. मी पुन्हा कॅलिपर लावला. माप बरोबर होतं. घामानं माझा शर्ट भिजला. माझ्या मनात आलं की मापन हे शास्त्र असलं तरी माझं नशीब हे शास्त्र नाही. पिराजीमामांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि नंबर शोधायला लागले.

पंचशीला मशीनसमोर बसून होती. ती चाक अगदी सावकाश, बोटानं फिरवत होती आणि दोऱ्याकडं बघत होती. मग ती उठली, डावीकडून वाकून बघितलं, उजवीकडून वाकून बघितलं.

"ह्या मशीनीत दोरा कंच्या अंगानं येतोय?" तिनं विचारलं.

"डाव्या," मी म्हणालो. दोरा सुईकडं नेणारी शेवटची कडी डावीकडं होती.

"मंग खाच उजवीकडं कामून? पानी डाव्या बांधानं येतंय आन् पाट उजवीकडं खांदलाव. खाच दोऱ्यासाठीच हाय न्हवं?"

कमलबाई म्हणाल्या, "आमच्या मशीनला तर..."

"तुमच्या मशीनीत दोरा उजवीकडनं येतोय, अक्का. हिच्यात न्हाई."

तिनं स्क्रू ढिला केला, सुई अर्धा फेरा फिरवली, स्क्रू आवळला. दोरा ओवला. पाय टेकवला. टिक नाही, टक् नाही. नुसता दमदार, एकसारखा खडखडाट. एक फूट, पाच फूट, दहा फूट. तिनं कापड ओढून बाहेर काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून जीव खाऊन ओढलं. मीही ओढलं. मी फरपटत दोन पावलं पुढं गेलो, शिवण तशीच राहिली.

पिराजीमामांनी फोन खिशात ठेवला. कुणाला लावायचा होता ते विसरल्यासारखं करून ते म्हणाले, "चहा मांडा की कुनीतरी."

पुढचे सहा दिवस आमच्या अंगणात पंचशीला बसे आणि दहा बायका कापड सरकवत. माझ्याकडं काम एकच, दर तासाला तेल घालायचं आणि कुणाला बोलू द्यायचं नाही. कमलबाई डाळीचं पातेलं घेऊन येत. चारशे फुटांत एकही सुई मोडली नाही.

पौर्णिमेला सकाळी तीस माणसांनी मांडव उभा केला. वंदना झाली, अहवाल वाचायला पंचशीला माईकसमोर उभी राहिली, आणि अकराच्या सुमारास गावाबाहेरच्या ढोरकीच्या रानातून वावटळ उठली. धूळ, पाचोळा, कुणाचं तरी धोतर. मांडव शीड भरावं तसा फुगला. खांब करकरले. दोन दोर तुटले, पुरुष खांबांना लोंबकळले, मी स्वतः एका खांबाला मिठी मारून डोळे मिटले. मला पोस्टाची तिकिटं दिसत होती. पंचशीलेनं कागदावर हात ठेवला, वर बघितलं नाही, आणि पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं.

वावटळ गेली. मी डोळे उघडले. वर सगळीकडं निळं-पांढरं कापड शांत खाली बसत होतं. त्याखाली शोभाबाई, लेकुरवाळ्या, सुना, सासवा, सगळ्या बायका पहिल्यांदाच मधोमध, गार सावलीत बसलेल्या होत्या, आणि एकही उठली नव्हती.

पिराजीमामा मात्र उठले. हात कपाळावर धरून, मान वर करून ते एकेका शिवणीखालून चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबला. चालत चालत ते माईकपाशी आले आणि पंचशीलेच्या हातातून माईक घेतला.

"कुठंच उसवलं न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या सालच्या सेक्रेटरीची निवड बघायची होती. आता काय बघायचं न्हाई. हीच राहील."

बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या थांबेनात. पंचशीला उभी होती, डोळे भरलेले, पण मान ताठ. मी अजून खांबाला धरूनच होतो. तिनं माईक परत घेतला, गर्दीतून मला शोधलं आणि म्हणाली, "अहो, सोडा आता तो खांब. पडत न्हाई."